न्हाणीघरांची चार दारं

बाबा,

तुम्हाला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. नकाशाकाम शिकायला मुंबईला होतो तेव्हाही पोस्टकार्ड आईच्या नावानं यायचं आणि शेजारचे मास्तर ते वाचून दाखवायचे. तेही निम्मंच, कारण मास्तरांना घाई असायची आणि मलाही लिहिण्यासारखं फार नसायचं. आता तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. मी पेन्शनीत निघालो. दुपारी करायला काही नसतं म्हणून लिहायला बसलो आहे, असंच धरून चाला. याहून मोठं कारण आत्ताच सांगायला घेतलं तर पुढचं काही लिहून होणार नाही.

दार कुठल्या बाजूला उघडावं याबद्दल आमच्या बांधकाम खात्याच्या पुस्तकात अडीच पानं आहेत. ती मला पाठ आहेत. तुमच्याकडे पुस्तक नव्हतं, कळशी होती. वरच्या आळीत एका घराचं मागलं दार तुम्ही बसवत होतात तो रविवार मला आठवतो. मी बावीस वर्षांचा, कचेरीत नुकताच चिकटलेला, सुट्टी म्हणून तुमच्याबरोबर आलेला. चौकट उभी आहे, फळी भिंतीला टेकवून ठेवली आहे, बिजागऱ्या तुमच्या हातात आहेत, पण तुम्ही काही लावत नाही. घरातल्या सुनेला म्हणता, "वयनी, इहिरीवरनं भरलेली कळशी घ्या नि रोजच्यासारख्या आत या. मी तुमच्याकडं बघत नाय, चौकटीकडं बघतोय." ती बिचारी लाजते. सासू पुढे होते आणि म्हणते, "माझ्यावरून काय ते ठरवा. घर माझं आहे, ही परवा आली." तुम्ही अगदी गंभीरपणे विचारता, "काकी, घर तुमचंच हाय. पन पानी कोन भरतंय?" सासू बाजूला होते. सून डाव्या कमरेवर कळशी घेऊन आत येते, उजव्या हाताने नसलेलं दार लोटल्यासारखं करते, आणि तुम्ही बिजागऱ्या उजव्या बाजूला ठोकता, म्हणजे फळी कळशीच्या वाटेत यायला नको. परत येताना मी म्हटलं, एवढ्याशा दारासाठी एवढं नाटक कशाला. तुम्ही म्हणालात, "मेल्या, दिवसाला वीस खेपा. वर्साच्या किती होतील ते तूच मोज, तू शिकलायस." मी मोजल्या नाहीत.

घराचं दार आतच उघडायला हवं, हे तुमचं ठाम होतं. पावसाची कारणं तर होतीच. बाहेर उघडणारी फळी आषाढात भिजून फुगते, वारा ती हातातून हिसकून घेतो, आणि आतून घातलेला आडव्या लाकडाचा आडणा वाऱ्याला जसा अडवतो तशी साधी कडी अडवू शकत नाही. पण ही कारणं तुम्ही नंतर सांगायचात. पहिलं कारण वेगळंच असायचं. "भायेर उघडनारं दार आलेल्या मानसाला आधी मागं ढकलतं. मग या म्हना नायतर नको म्हना, सारखंच." तरी तुम्ही हटवादी नव्हतात. बंदरावरच्या तांदळाच्या वखारीला दार बाहेरच उघडायला हवं, असं तुम्ही शेटला सांगितलं होतं. शेट म्हणाला, लक्ष्मी आत येते, दारही आतच उघडेल. तुम्ही म्हणालात, "शेट, लक्ष्मी आत आली नि गोनी होऊन दाराला टेकली, तर तुमी कुठनं आत जानार?" शेट ऐकेना. मग तुम्ही त्याला हवं तसं लावून दिलंत. एकदा सांगायचं आणि मग मालकाचं ऐकायचं, ही तुमची रीत. त्याच पावसाळ्यात आतली थप्पी घसरली, दार आतून गच्च बसलं, आणि शेटच्या माणसांना कौलं काढून वरून उतरावं लागलं. तुम्हाला पुन्हा बोलावणं आलं. तुम्ही दार काढून बाहेर उघडेल असं लावलंत आणि शेटला एका शब्दाने चिडवलं नाहीत. मला मात्र वाटेत म्हणालात, "दार कुठं उघडायचं ह्याचा इचार मागनं करायचा. दारामागं कोन उभं ऱ्हानार हाय, ते आधी बघायचं."

आणखी एक गोष्ट लिहून ठेवायला हवी, कारण ती आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण नकाशा वाचता येत होता. बंगल्यांच्या कामावर ज्या मुंबईकर मिस्त्रीच्या हाताखाली तुम्ही होतात त्याच्याकडून तुम्ही तो शिकलात. नकाशा जमिनीवर, जागेच्या दिशेने नीट वळवून ठेवायचा, चारी कोपऱ्यांना दगड, आणि मग त्याच्याभोवती उकिडवं बसून सरकत सरकत फिरायचं, ही तुमची पद्धत. आकडे कुणाकडून तरी विचारून घ्यायचात. पण भिंत कुठे, खिडकी कुठे, दाराची फळी कुठल्या अंगाला फिरते, हे तुम्ही आमच्या कचेरीतल्या दोन ओव्हरसीअरांपेक्षा लवकर सांगत होतात. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. थोडा रागही यायचा, कारण मी त्यासाठी मुंबईला जाऊन आलो होतो.

मग दवाखान्याचं काम निघालं. बायकांसाठी नवा वॉर्ड, मागे चार लहान न्हाणीघरं. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला मूळ नकाशा त्यावर अंथरलेल्या पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचं, म्हणजे ट्रेसरचं, काम माझं, आणि त्या कापडावरून निघालेली निळी प्रत कामावर जायची. नोकरीला आठ महिने झाले होते, अजून कायम झालो नव्हतो. सुतारकाम तुम्हाला मिळालं होतं, ते माझ्यामुळे नव्हे, तुमच्या हातामुळे. ते चौकटी बसवायचे दिवस. संध्याकाळी तुम्ही जेवून उठता, हात धुता, पंच्याला पुसता आणि निळी प्रत स्वयंपाकघरातच जमिनीवर पसरता. आई चुलीपुढे आहे. चार न्हाणीघरांच्या दारांशी चार पाव-वर्तुळं आहेत, फळी कुठे फिरते ते दाखवणारी, आणि चारही आतल्या बाजूला आहेत. तुम्ही त्यातल्या एकावर बोट ठेवता. "हे चुकलंय. हितं आजारी बाई न्हायला जानार. तिला भोवळ आली तर ती कुठं पडंल? खोली केवढी हाय बघ. दारावरच पडंल. मग भायेरनं दार कोन नि कसं उघडनार?"

मी तुम्हाला काय म्हणालो ते मला शब्दान्‌शब्द आठवतं. "बाबा, नकाशा साहेबांचा आहे. तुम्हाला विचारून काढायचा राहिला तो. नकाशात आहे तसं लावा." तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "साहेबाला येकदा इचारशील?" मी विचारतो म्हणालो. आईने मान वर केली नाही, पण चुलीतलं लाकूड उगाच पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं नाही. मूळ नकाशा तेवढा काढून पाहिला. साहेबांनी आधी दारं आत काढली होती, मग ती खोडरबराने पुसून बाहेर काढली होती. पुसलेल्या रेघा अंधुक उरल्या होत्या. मी त्या अंधुक रेघांवर शाई फिरवली होती आणि खऱ्या रेघा सोडून दिल्या होत्या. चारही ठिकाणी. एक दार चुकलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं. चार चुकल्यावर तोंड उघडेना. कापडावर सह्या झाल्या होत्या. मला वाटलं, न्हाणीघराचं दार, कोण बघतंय. संध्याकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणालो, "विचारलं. आतच." तुम्ही "बरं" म्हणालात आणि चारही दारं आत उघडतील अशी लावलीत. लावलीत मात्र अशी नीट की फळी आणि चौकट यांच्यात नख गेलं नसतं.

वॉर्ड सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत एक बाई न्हाणीघरात पडली. बुरोंडीला दिलेली, बाळंतपणाला इथे राजिवड्यात माहेरी आलेली, अंग धुवायला गेली आणि आतून धपकन आवाज आला. सकाळची वेळ. तुम्ही समोरच्या खोलीत औषधांच्या फळ्या ठोकत होतात म्हणून लगेच सापडलात. मी कचेरीतून काही कागद द्यायला म्हणून आलो होतो. पाहतो तर नर्सबाई दार ढकलते आहे आणि दार बोटभर हलून पुन्हा बसतं आहे, कारण पलीकडे माणूस आहे. बिजागऱ्या आतल्या अंगाला. वर झरोका, त्याला गज. बाईची आई तान्हं पोर छातीशी धरून सारखी एकच म्हणते आहे, "माझी लेक आत हाय हो, माझी लेक आत हाय." तुम्ही नर्सबाईंना बाजूला केलंत, गुडघ्यावर बसलात आणि फळीला कान लावलात. ती श्वास घेत होती ते तुम्हाला ऐकू आलं असावं. मग तुम्ही गिरमिट घेतलंत. "बाय, ऐकतेस? हलू नको. मी दाराला भोक पाडतोय, तुझ्या डोक्याच्या वर." आतून उत्तर नाही. तरी तुम्ही बोलत राहिलात, एकेक भोक पाडताना, मग लहान करवत चालवताना, जशी समोर कुणी पाहुणी बसली आहे आणि तिला कामाची माहिती द्यायची आहे. अर्धा तास लागला. पन्हळीसारखी एक फट झाली, त्यातून तुम्ही हात घातलात, तिचं डोकं तळव्यावर धरून हळूहळू बाजूला सरकवलंत, आणि नर्सबाईंनी दार लोटलं. तिच्या कपाळाला खोक पडली होती, रक्त बरंच गेलं होतं. ती वाचली. मी कागद हातात धरून उभा होतो, आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मी त्या बाईचा विचार फार केला नाही.

मी कचेरीत परत गेलो. साहेब दवाखान्यात गेले होते. मी कापड काढलं, ब्लेडने चारही रेघा खरवडल्या आणि दारं बाहेर उघडतील अशा नव्या काढल्या. शाई वाळायला पंख्यासारखा पुठ्ठा हलवत बसलो. आता जुन्या रेघा फक्त एकाच जागी होत्या, तुमच्याकडच्या निळ्या प्रतीवर.

दुपारी साहेबांनी तुम्हाला बोलावलं. साहेब घाटावरचे, मोठ्याने बोलणारे, पण वाईट माणूस नव्हेत. त्यांनी मूळ नकाशा आणि त्यावरून उतरवलेलं कापड, दोन्ही टेबलावर पसरलं. "हे काय आहे बघ. दारं बाहेर आहेत. तू आत कशी लावलीस?" तुम्ही पुढे झालात. हत्यारांची पिशवी पायाशी ठेवलीत, तिच्यातून निळ्या कागदाचं टोक दिसत होतं. तुम्ही कापडावर वाकलात आणि एका दाराच्या जागी अंगठा फिरवलात. पुन्हा फिरवलात. रंधा मारल्यावर फळी गुळगुळीत झाली का ते बघायला फिरवायचात तसाच. मग दुसऱ्या दाराच्या जागी. मग तुम्ही सरळ झालात, आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

"मला नकाशा वाचता येत नाय, साहेब."

"मग तुला दिलेली प्रत कुठे आहे?"

"हरवली, साहेब."

साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "अरे, मग विचारायचं! घरात पोरगा ट्रेसर, आणि बाप उलटी दारं लावतो!" कचेरीतले दोघे-तिघे हसले. तुम्हीही ओशाळल्यासारखे हसलात. मी बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती. नाही बोललो तर तुमचं चाळीस वर्षांचं नाव जात होतं. हिशेब अगदी सरळ होता, आणि मी तो मांडून पाहिला, बाबा. भीतीने जीभ टाळ्याला चिकटली वगैरे काही नव्हतं. मी विचार करून गप्प राहिलो. खात्याच्या कामावर तुम्हाला पुन्हा घ्यायचं नाही असं ठरलं, आणि तो शेरा माझ्याच हस्ताक्षरात लिहिला गेला, कारण कचेरीत अक्षर माझं चांगलं होतं.

संध्याकाळी तुम्ही निळी प्रत चुलीत घातलीत. आईने पाहिलं. तिने मला विचारलं, "तू साहेबाला काय बोललास?" मी म्हणालो, काही नाही. ती "बरं" म्हणाली आणि माझं ताट वाढलं. ते जेवण मला गेलं, हेही लिहितो. हात धुवायला मागल्या पडवीत गेलो तेव्हा तुम्ही तांब्या माझ्या हातात देत हळूच म्हणालात, "कापड खरवडल्यावर वरनं गुळगुळीत दगड फिरवायचा. नायतर खरखर ऱ्हाते, हाताला लागते." शिकवत होतात की रागावत होतात, मला आजही सांगता येत नाही. त्या प्रकरणावर तुम्ही जन्मात बोललात ते एवढंच. पुढचे दोन दिवस तुम्ही चारही दारं काढून बाहेर उघडतील अशी लावलीत, आणि फोडलेली फळी घरच्या फणसाच्या लाकडाने बदलून दिलीत.

गाव लहान. "उलट्या दाराचा सुतार" हे नाव महिन्याभरात सगळीकडे गेलं. वरच्या आळीतच एका घरी तुम्ही कळशी घेऊन या म्हणालात, तर ती बाई पदराआडून म्हणाली, "आणते हो, पण तुम्ही नीट बघा, नाहीतर आम्हाला विहिरीतच उघडणारं दार लावाल." तुम्ही तिच्या हसण्यात हसलात. त्यानंतर मी तुम्हाला कुणाला कळशी आणायला सांगताना पाहिलं नाही. मागाहून दारांची कामंही येईनाशी झाली. तुम्ही पाट, पोळपाट, पाळणे करून बाजारात बसू लागलात. फक्त राजिवड्याहून त्या बाईचा भाऊ अधूनमधून माशांची पाटी घेऊन यायचा आणि दारातच उभा राहून म्हणायचा, "दार फोडलंन म्हणून भैन वाचली." कोणी लावलं होतं ते त्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. तुम्ही त्याला आत बोलावून चहा द्यायचात. मी त्या वेळी बहुधा घरात नसायचो, म्हणजे नसेन असं बघायचो. अशी पाच वर्षं गेली आणि तापाचं निमित्त होऊन तुम्ही गेलात. मला तुमची आठवण येते, असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. येते.

माझं बरं चाललं. कायम झालो, ओव्हरसीअर झालो. त्या प्रकारानंतर दवाखाने, शाळा, कचेऱ्या, जिथे जिथे माणसं अडकू शकतात तिथली दारं बाहेर उघडतात की नाही हे तपासायचं काम आमच्या कचेरीत नव्याने सुरू झालं, आणि ते माझ्याकडे आलं. ते मी चोख केलं. अंजनवेलपासून राजापूरपर्यंत मी किती दारं काढून पुन्हा लावायला लावली असतील त्याला गणती नाही. हाताखाली नवी माणसं आली की त्यांना नियम सांगायचो, पण नुसता नियम कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून सोबत एक गोष्ट सांगायचो. एक सुतार होता, हाताचा चांगला, पण अडाणी. त्याने नकाशा उलटा वाचला आणि एक बाई मरता मरता वाचली. तुमचं नाव कधी घेतलं नाही. तो माझा कोण, हेही नाही. गोष्ट चांगली होती. ऐकणाऱ्याला दार जन्मभर आठवायचं. पहिल्यांदा सांगताना मध्येच पाणी मागून घेतलं होतं. पुढे पुढे नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात कुणाला दाखवण्याची माझी हिंमत नाही. गेल्या महिन्यात कचेरीत माझा निरोपाचा कार्यक्रम झाला. एक तरुण ओव्हरसीअर भाषणाला उठला आणि म्हणाला, साहेबांनी आम्हाला काय शिकवलं ते सांगतो, आणि तीच गोष्ट सांगू लागला. शेवटाला येऊन तो अडखळला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, तो सुतार काय म्हणाला होता हो? तुमच्याकडूनच ऐकायला मजा येते." मी उठलो, थोडा वाकलो, ओशाळल्यासारखा हसलो आणि तुमच्या आवाजात म्हणालो, मला नकाशा वाचता येत नाय, साहेब. लोक खूप हसले. मला तुमचा आवाज चांगला काढता येतो.